मालकीणबाईंची सही

विश्रांतवाडीच्या रंगराव भापकरांनी सव्वीस वर्षं सरकार बांधून ठेवलं होतं, असं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण सरकारचे कागद मात्र त्यांनीच बांधून ठेवले होते, हे खरं आहे. कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायली लाल खारव्याच्या रुमालात गाठोडं करून ठेवतात ना, ते रुमाल रंगरावांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिवले जात. जाड लाल कापडाचा चौकोन, कडा दुमडलेल्या आणि कोपऱ्याला लांब बंद. दिसायला एवढंच. पण बंद किती लांब असावा आणि तो कापडात कुठून धरावा, यावर रंगराव अर्धा तास बोलू शकत. ऐकणाऱ्याला दहाव्या मिनिटाला घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवत असे.

ऑर्डर मिळवण्याची त्यांची एक रीत होती. टपालाने पत्र यायचं. रंगराव इस्त्रीचा शर्ट घालून बंद लिफाफ्यात भाव घेऊन जायचे. साहेब लिफाफा फोडून म्हणायचे, "भापकर, जरा जास्त होतंय." रंगराव म्हणायचे, "साहेब, खारवा महागलाय." साहेब नुसतं "बघा बुवा" म्हणायचे आणि मग रंगराव दोन रुपये कमी करायचे. हे दोन रुपये त्यांनी साहेबांसाठी म्हणून घरूनच वाढवून आणलेले असत. साहेबांनाही ते ठाऊक असे. मग चहा यायचा. सव्वीस वर्षांत या नाटकात कुणी एक वाक्य चुकलं नव्हतं.

आणि त्या वर्षी गणपती उठले, तसं पत्र आलं. चार हजार रुमाल हवेत, टेंडर फक्त ऑनलाइन भरावं, लिफाफे स्वीकारले जाणार नाहीत. कचेऱ्यांतले सगळे जुने कागद आता कॉम्प्युटरात घालायचे होते. त्यासाठी ते एका जागी न्यायचे होते आणि नेण्यासाठी आधी नीट बांधायचे होते. म्हणजे कागद संपवण्यासाठी कागद बांधायचे, आणि ते बांधायचं कापड विकायला कागद चालणार नाही. रंगरावांनी हे स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं आणि नाद सोडला.

नाद सोडून चालण्यासारखं मात्र नव्हतं. शेडमध्ये तीन शिलाई मशीन होती. त्यांतल्या दोन मशीनवर चादरी पडून वर्ष झालं होतं. तिसऱ्यावर येरवड्याहून येणारी बायडाबाई एकोणीस वर्षं बसत होती. पाडव्यापासून तिलाही धड काम नव्हतं. कात्रजला तिच्या बहिणीच्या ओळखीने एका मेसमध्ये भाकऱ्या थापायचं काम चालून आलं होतं.

"दसऱ्यापतूर वाट बघते, मालक," ती म्हणाली होती. "काम हाय तर हाय. न्हाय तर म्या जाते कात्रजला. पर इतक्या वर्साचं वळण, थितं भाकरी थापताना बी माझा पाय हालत ऱ्हाईल बघा."

"कुठं जायचं नाही. काम मी आणतो," रंगराव म्हणाले होते. हे म्हणताना पोर्टल नावाच्या वस्तूचा आणि त्यांचा परिचय नव्हता.

परिचय करून द्यायला शेजारचे हिंदुराव आले. हिंदुराव एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि तिथे कॉम्प्युटर यायच्या आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. त्यामुळे त्या विषयातला त्यांचा आत्मविश्वास शाबूत होता. मुलगी रुपाली लग्न होऊन वाकडला जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली होती. त्यावरची क्रोशाची जाळी काढून दोघे त्याच्यासमोर बसले.

पोर्टलने आधी धंद्याचं नाव विचारलं. रंगरावांनी 'मुक्ताई वस्त्रोद्योग' असं भरलं. मग मालकाचं नाव विचारलं. रंगरावांनी छाती थोडी पुढे काढून स्वतःचं नाव भरलं. पोर्टल म्हणालं, माहिती नोंदीशी जुळत नाही. त्यांनी पुन्हा भरलं. पुन्हा जुळेना. तिसऱ्या वेळी हिंदुरावांनी घसा खाकरला.

"रंगराव, एक्क्याण्णव साली नोंदणी करताना आपण धंदा वहिनींच्या नावावर टाकला होता. महिलांना सवलत मिळेल म्हणून मीच सुचवलं होतं."

"मिळाली का सवलत?"

"नाही. पण नाव राहिलं."

रंगराव खुर्चीत मागे टेकले. म्हणजे कागदोपत्री पाहायचं तर सव्वीस वर्षं मालकीण चहा करत होती आणि बिनपगारी नोकर तो पीत होता. त्या काळी त्यांच्या बायकोने, मुक्ताईंनी, पिठाचे हात पुसून दाखवतील तिथे सही केली होती आणि पुन्हा पोळ्या लाटायला गेल्या होत्या. त्यांना आता बाहेर बोलावून ही बातमी सांगण्यात आली.

"मालकीण मी?" मुक्ताई म्हणाल्या. "मग शेडचे पत्रे बदला म्हणून सहा वर्षं मी कुणाच्या हातापाया पडत होते?"

 हिंदुरावांना घरी काम आठवलं.

टेंडर भरायचं तर मालकाची डिजिटल सही हवी. ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये मिळते आणि विश्रांतवाडीच्या चौकात तनुजा नावाच्या मुलीच्या दुकानात काढून देतात. दुकानात पाटी होती, 'ओटीपी आमच्याकडे येत नाही. तुमच्याकडे येतो. शोधा.' तनुजा मान वर न करता बोलायची.

"एक वर्षाची, दोन वर्षांची की तीन वर्षांची?"

"सगळ्यांत स्वस्त कुठली?" रंगरावांनी विचारलं. कोथिंबीर फुकट मिळाल्याशिवाय भाजीवाल्याकडून न हलणारा हा माणूस.

"एक वर्षाची. पण तीनची घेतली तर हिशोबाने परवडते, काका."

"तीन वर्षं कुणी पाहिलीत? एकचीच द्या."

मुक्ताईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. आदल्याच वर्षी रंगरावांच्या हृदयात एक स्प्रिंग बसवली होती, आणि तेव्हापासून असलं बोलणं घरात बंद होतं.

"आता छोटा व्हिडिओ," तनुजा म्हणाली. "काकू, मोबाइलकडे बघून म्हणा, मी मुक्ताई रंगराव भापकर, या अर्जासाठी माझी संमती आहे. झालं."

मुक्ताईंनी पदर सारखा केला. "मी मुक्ताई," त्या म्हणाल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "भापकर."

"मधलं नाव, काकू."

"ते यांना विचारा."

"रंगराव," रंगराव शेजारून खणखणीत आवाजात म्हणाले. व्हिडिओ गेला आणि संध्याकाळी परत आला. कारण दिलं होतं, अर्जदाराऐवजी अन्य व्यक्तीचा आवाज.

आता तुम्ही म्हणाल, या काळात, पुण्यात, कोण असं करतं? मुक्ताई करत होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला 'अहो' म्हटलं होतं, 'ऐकलंत का' म्हटलं होतं, रागात नुसतं भांडं आपटलं होतं; पण उखाण्याबाहेर नाव कधी घेतलं नव्हतं. बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे त्या कागद पुढे करायच्या आणि बोट ठेवायच्या. तनुजाने घरूनच व्हिडिओ करण्यासाठी लिंक दिली आणि सांगितलं, "घरी निवांत करा. इथे माझा एसी जळतो."

दुसऱ्या वेळची युक्ती हिंदुरावांची. "वहिनी, लग्नकार्यात उखाण्यात घेता ना? तसंच घ्या. नाव आलं म्हणजे झालं." हे सगळ्यांना पटलं. शेडमध्ये मशीनपाशी उजेड चांगला होता. मुक्ताई उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या,

"लाल रुमालाला शिवला बंद, बंदाला मारली गाठ,
रंगरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

"वा वैनी," बायडाबाई मागून म्हणाली आणि तिने टाळी वाजवली. हिंदुरावांनीही मान डोलावली. तिकडे ज्याने हे पाहिलं असेल त्याचंही मनोरंजन झालं असावं, पण उत्तर कोरडंच आलं. अर्जदाराने विहित मजकूर वाचला नाही.

रंगरावांना हा अपमान फार लागला. "विहित मजकुरापेक्षा हा कितीतरी बरा होता," ते दिवसभर म्हणत राहिले. "यमक बघा, अर्थ बघा. यांच्या पोर्टलवर आहे का एक तरी ओळ अशी?"

तिसऱ्या वेळी रंगरावांनाच घराबाहेर काढण्यात आलं. समोर नवरा नसला की संकोच जाईल, असा हिंदुरावांचा सिद्धान्त होता. रंगराव किराणा दुकानापर्यंत जाऊन उगाच पाव किलो शेंगदाणे घेऊन आले. व्हिडिओ हिंदुरावांनी स्वतः काढला. त्यात बराच वेळ कालनिर्णय दिसत होतं आणि उरलेला वेळ हिंदुरावांचा अंगठा. परत आलेल्या शेऱ्यात म्हटलं होतं, चेहरा दिसत नाही. नाव तर मुक्ताईंनी त्यात घेतलं नव्हतंच.

वाकडहून रुपालीचा फोन आला. ती आयटीत होती आणि तिची मीटिंग चालू होती. "आई, प्लीज यार. सिंपल आहे. नाव आहे ते, पासवर्ड नाही."

"तुझं वेगळं आहे बाई. तू नवऱ्याला नावाने हाक मारतेस आणि तो ओ देतो," मुक्ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

टेंडरची मुदत होती खंडेनवमीला दुपारी तीनपर्यंत. हातात चार दिवस उरले, तेव्हा रंगरावांचा तोल गेला.

"चार अक्षरं आहेत. चार. तेवढी तोंडातून निघत नाहीत तुझ्या? तिकडे ती बाई कात्रजला भाकऱ्या थापायला निघाली. मी शब्द देऊन बसलोय तिला."

मुक्ताई मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली.

"गेल्या वर्षी तुम्हाला दवाखान्यात नेलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आत घेतलं. खिडकीवरच्या बाईने पेशंटचं नाव विचारलं. मी आधार कार्ड पुढं केलं. ती म्हणाली, कार्ड नंतर, आधी तोंडाने सांगा. मागे रांग लागली होती. लोक ओरडत होते. नाही सांगितलं मी. शेवटी मागच्या एका माणसाने कार्डावरचं वाचून सांगितलं."

"अगं, पण का?"

"सासूबाई म्हणायच्या, उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. खरं-खोटं मला ठाऊक नाही. रुपाली हसते, तुम्हीही हसाल. पण त्या दिवशी आधीच कमी पडत होतं. त्यातलं आणखी मी कशाला खर्च करू?"

रंगराव हसले नाहीत. त्यांना एकदम भरून आलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ही बाई रोज पथ्याची भाजी पुढे ठेवायची आणि ते रोज मिठावरून कुरकुर करायचे, ते सगळं त्यांना आठवलं.  शेवटी त्यांनी नुसतंच मेथीचं एक पान उचललं आणि परत ठेवलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "नको आपल्याला ते टेंडर. बायडाबाईला मी सांगतो."

ते शेडमध्ये गेले. काम नव्हतं, तरी बायडाबाई आपल्या मशीनला तेल देत होती. चाकाला, दांड्याला, पायट्याच्या खिळीला, एकेक थेंब. तिने वर पाहून विचारलं, "झालं का वं मालक काय?" रंगराव म्हणाले, "होतंय." आणि तसेच परत फिरले. मुक्ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या.

थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी तोंड धुऊन चांगली साडी नेसली होती. देवापुढे दिवा लागलेला होता. त्यांनी एक खुर्ची ओढून मधोमध ठेवली.

"इथं बसा. माझ्या समोर."

"अगं, मी म्हटलं ना, जाऊ दे."

"बसा म्हणते ना. मालकीण मी आहे. नाव घेताना तुम्ही मला डोळ्यांसमोर हवे. काही होतंय का, ते बघेन मी."

बायडाबाईला हाक मारून मोबाइल तिच्या हातात दिला. तिचा हात मशीनवरचा, इंचभर हलला नाही. मुक्ताईंनी मोबाइलकडे पाहायचं ते पाहिलंच; पण खरं म्हणजे त्याच्या जरा वरून, मागे खुर्चीत बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"मी मुक्ताई रंगराव भापकर. या अर्जासाठी माझी संमती आहे," त्या म्हणाल्या. आणि त्याच श्वासात, "बरं वाटतंय ना?"

रंगरावांनी मान हलवली. त्यांना बोलता येत नव्हतं, आणि त्यामुळे मुक्ताई आणखीच घाबरल्या. त्यांनी पाणी आणलं. पाणी पिऊन रंगराव म्हणाले, "बरं आहे. चांगलं बरं आहे."

'बरं वाटतंय ना' हे मुक्ताईंचे तीन शब्दही व्हिडिओत गेले होते. पण बघणारा कुणी भला माणूस असावा. अर्ज मंजूर झाला आणि अष्टमीला टोकन घरी आलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. या दिवशी हत्यारांची पूजा करतात, हे आपल्याला माहीत आहेच. रंगराव सकाळी टोकन शोधायला लागले, तर ते शेडमध्ये सापडलं. मुक्ताईंनी मशीनवर कात्री, टेप, तेलाची कुपी मांडली होती आणि मधोमध टोकन. त्याला हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल.

"अगं, हे कशाला मांडलंस?"

"आता हेही आपलं हत्यारच. नाही का?"

"पण आज तीनच्या आत ते वापरायचंय."

 पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हे रंगराव स्वतः सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. हिंदुरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "शास्त्र ते शास्त्र. मुदतवाढीसाठी अर्ज करा." मुक्ताईंनी रंगरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नाव घेऊन तीन दिवस झाले होते. आज सकाळी तर रंगरावांनी तीन वेळा उपमा घेतला होता आणि चौथ्यांदा घ्यावा की काय, या विचारात ते उभे होते.

"त्यातून तुम्हाला काही झालं नाही," त्या म्हणाल्या, "तर यातून काय होणार आहे?" त्यांनी हात जोडले, देवाची क्षमा मागितली आणि टोकन स्वतःच्या हाताने उचललं.

टोकन कॉम्प्युटरला लावल्यावर काहीच घडेना. दोघे रिक्षाने तनुजाकडे गेले. तिने ते उलटसुलट पाहिलं आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"काकू, याला मळवट कुणी भरला?"

मग मुक्ताईंनी पिशवीतून मशीन झाडायचा ब्रश काढला आणि त्या बारीक फटीतलं कुंकू दाण्यादाण्याने बाहेर काढलं. तेव्हा कुठे सही जागी झाली. दोन वाजून गेले होते. भाव भरायची वेळ आली. रंगरावांनी आकडा भरला. मुक्ताईंनी चष्मा लावून वाचला.

"घरी तर दोन रुपये कमी म्हणत होतात."

"ते साहेबांसाठी ठेवलेत. साहेब जास्त होतंय म्हणतील, तेव्हा कमी करायला."

"कुठं आहेत साहेब?"

रंगरावांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे साहेब नव्हते. 'बघा बुवा' म्हणणारं कुणी नव्हतं, चहाही येणार नव्हता. सव्वीस वर्षांची एक मैत्री त्या चौकोनात कुठेच दिसेना, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं.

"जो खरा भाव आहे तो भरा," मुक्ताई हळूच म्हणाल्या. रंगरावांनी दोन रुपये काढून टाकले. तीन वाजायला वीस मिनिटं असताना शेवटचं बटण आलं, आणि ते बाजूला सरकले. बटण मालकिणीने दाबायचं होतं.

दसरा उलटला तरी बायडाबाई निकालासाठी थांबली होती. पंधरा दिवसांनी निकाल लागला. दुसऱ्या नंबरच्या माणसापेक्षा 'मुक्ताई वस्त्रोद्योग' रुमालामागे एक रुपयाने खाली होता. ऑर्डर आली ती श्रीमती मुक्ताई भापकर यांच्या नावाने. रंगराव ती वाचायला शेडमध्ये घेऊन गेले. 'श्रीमती' या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला, असं बायडाबाईला वाटलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग खारवा कवा येतोय?" आणि उठून दुसऱ्या मशीनवरची चादर काढली.

दिवाळीच्या आधी शेडवर नवे पत्रे चढले.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर तनुजाचा निरोप आला की सहीची मुदत संपत आली आहे. दोघे दुकानात गेले. सोबत हिंदुरावही होते.

"काका, या वेळी तीन वर्षांची घ्या. स्कीम आहे. जवळजवळ निम्म्यात पडेल," तनुजा म्हणाली.

"घ्या हो," हिंदुराव म्हणाले. "डोळे झाकून घ्या."

"घ्या की," मुक्ताईही म्हणाल्या. "दरवर्षी कशाला हेलपाटा?"

रंगराव पाटीकडे बघत उभे राहिले. कोथिंबीर फुकट घेणारा माणूस निम्म्या किमतीची गोष्ट सोडणार नाही, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

"एकाच वर्षाची करा," ते म्हणाले.

"अहो काका, मग पुढच्या वर्षी परत यायचं. परत पैसे, परत काकूंचा तो व्हिडिओ."

"करू की," रंगराव म्हणाले. त्यांनी खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला, कोपऱ्यातली खुर्ची उचलून मुक्ताईंच्या बरोबर समोर आणून ठेवली आणि तिच्यात नीट ताठ बसले.